ठमीचा विरोध

दर शनिवारी दुपारी आमच्याकडे टीव्हीवर तोच जुना, पडेल भुताचा सिनेमा लागतो. हडळीच्या पायातले कॅनव्हासचे बूट चक्क दिसतात. तरी ती किंचाळली की आमची मांजरी, ठमी, कपाटावरून उडी मारून पळत सुटते.

हे ठाऊक असूनही मी मोर्चाचा फलक तिथेच जमिनीवर रंगवत बसले : 'वाचनालय विकू देणार नाही.' हडळ किंचाळली. ठमी गेरूच्या ताटलीत पडली आणि फलकभर पाय उमटवत गेली. दुसरा पुठ्ठा नव्हता.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुला साथ दिली," नवरा म्हणाला. मी त्याला चहा दिला नाही.

सोमवारी मोर्चात आम्ही नऊच जण. पण लोक थांबून विचारू लागले, "हे पाय कुणाचे?"

"आमच्या मांजरीचे. तिचाही विरोध आहे."

लोक हसायचे, मग फलक नीट वाचायचे आणि आमच्या निवेदनावर सही करायचे.

या शनिवारी दारात मोर्चातल्या चौघी उभ्या, हातात कोरे पुठ्ठे. "काकू, सिनेमा लावा."

हडळीची वेळ झाली. नवऱ्याने आवाज वाढवला आणि मी गेरूची ताटली हळूच कपाटासमोर सरकवली.