सोजरबाईंची तरतूद

भाजीवाल्या सोजरबाई महिला राखीव जागेवरून नगरसेविका झाल्या, त्याला तीन वर्षं झाली. दर अर्थसंकल्पात त्या बाजारातल्या बायकांसाठी मुतारी मागायच्या आणि दरवेळी नगराध्यक्ष महेंद्रअण्णा हसून म्हणायचे, "पुढल्या साली बघू, मावशी. एवढी काय घाई हाय?"

यंदाची सभा नेमकी बाजाराच्या दिवशी आली. सोजरबाईंनी वडगाव रासाईची गारेगार कलिंगडं आणली आणि स्वतः चिरून सगळ्यांना पोटभर खाऊ घातली. वर दोनदा चहा पाजला. मावशी मोठ्या मनाची, असं म्हणत प्रत्येकानं आणखी एक फोड उचलली. रस्ते, गटारं, दिवे करत सभा दुपारपर्यंत लांबली.

महेंद्रअण्णा लगबगीनं बाहेर गेले आणि तसेच परत आले. "पालिकेच्या मुतारीला कुलूप कुणी लावलं?"

"म्या," सोजरबाई म्हणाल्या. "चावी माझ्या कनवटीला हाय."

अण्णांनी खिडकीतून पाहिलं. इमारतीच्या चारी अंगांनी बाजार भरलेला. आडोसा म्हणून कुठं नव्हता.

"मावशी, चेष्टा बास झाली. लई घाई हाय!"

"आमी बाया दर बाजाराला दिवस मावळंस्तवर अशाच बसतो, अण्णा. वाचू का माझी तरतूद?"

अण्णांना खुर्चीत बसवेना. बाकीचेही एकेक करून उठले. हात पटापटा वर झाले, तशी सोजरबाईंनी हसत हसत चावी काढून दिली.

कारकुनानं इतिवृत्तात लिहिलं: 'सर्व सन्माननीय सदस्यांनी उभे राहून, एकमताने मंजुरी दिली.'