मुख्य सदस्य

“बाई, तुमचं नाव यादीत नाही,” लॅपटॉपवरून नजर न उचलता निनाद म्हणाला. सोसायटीची वेबसाइट त्यानेच पायथॉनमध्ये लिहिली होती आणि आजचं मतदान तिच्यातूनच होणार होतं: तळमजल्याचा हॉल बालवाडीकडे ठेवायचा की व्यायामशाळेला द्यायचा. बालवाडीच्या कालिंदीबाईंनी एकेकाळी याच हॉलमध्ये त्याचा शेंबूड पुसला होता.

“फ्लॅट आम्हा नवराबायकोच्या नावावर आहे. मागच्या सभेला होतं की माझं नाव!”

“काका गेल्यावर त्यांची नोंद काढून टाकली. तुम्ही त्यांच्याखाली होतात. डेटाबेसमध्ये वरचा गेला की खालचे आपोआप जातात. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“न कळायला काय झालं? सतीची चाल बंद झालीये, हे तुझ्या पायथॉनला कुणी कळवलं नाही वाटतं.”

सभा खो खो हसली. निनादने नवी नोंद उघडली. “मुख्य सदस्य कोण लिहू?”

“मी.”

बाईंनी मत टाकलं. बालवाडी एका मताने राहिली.

“बाई,” निनाद हळूच म्हणाला, “काकांचं नाव पुसायला नको होतं. परत घालू?”

“घाल. पण या खेपेला माझ्याखाली.”