लांबून दिसेल असा

शेडकार्ड पुरतं उघडायच्या आत ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "यातला लांबून कुठला दिसेल?"

रंग सुचवणारी बाई क्षणभर गोंधळली. पत्र्यांच्या कारखान्यातर्फे ती अकरा वर्षं घरोघरी जात होती आणि कुठल्या घराला कुठलं छप्पर शोभेल ते सांगत होती. लोक तिला काय वाटेल ते विचारत. घर थंड राहील का, धूळ दिसेल का, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरेल का. नवरा-बायकोचं एकमत होईपर्यंत तिचा दुसरा चहा व्हायचा. पण लांबून दिसण्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिने आपलं नेहमीचं सांगायला सुरुवात केली. फिकट रंगाखाली उन्हाळा सोसवतो. या गल्लीतली सगळी छपरं राखाडी आहेत, तेव्हा राखाडीच बरा; शिवाय तो गोदामात तयार आहे, चार दिवसांत चढेल. काका मान डोलावत ऐकून घेत होते. उभी हयात बस चालवलेला माणूस, समोरच्याला मध्येच तोडायची सवय नव्हती. तिचं संपल्यावर ते तिला दारापर्यंत घेऊन गेले आणि त्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं. टेकडीवर हॉस्पिटलची पांढरी इमारत होती.

"चौथा मजला, कोपऱ्याची खिडकी. आमची मंडळी तिथे असते."

पाच आठवडे झाले होते. खाट खिडकीला लागून मिळाली, तिथून आपली गल्ली दिसते, याचाच काकूंना पहिले काही दिवस कोण आनंद. पण एकसारख्या राखाडी छपरांत आपलं कुठलं, ते काही केल्या ठरेना. काकू म्हणायच्या, पाण्याच्या टाकीच्या डावीकडचं. काका म्हणायचे, छे, उजवीकडचं, त्याच्याही मागच्या रांगेतलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात झाली नव्हती एवढी भांडणं या एका छपरावरून झाली होती. हे सांगताना काका हसले. मग शेडकार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "डॉक्टर घरी न्यायचा विषय आता काढत नाहीत. मीही विचारत नाही."

बाईने कार्डातली राखाडी पानं उलटून टाकली. लांबून दिसतील असे तीनच रंग होते, पिवळा, लाल आणि निळा. लाल आणि निळा गोदामात होते. पिवळा मात्र मुद्दाम बनवून घ्यावा लागेल, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली आला. ओट्यावर एकच कप उपडा घातलेला होता, तो काकांनी उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

दोन दिवसांनी ती तिन्ही रंगांचा नमुन्याचा एकेक मोठा पत्रा टेम्पोत घालून आली, सोबत मिस्त्री होता. कारखान्याच्या नियमात हे बसत नव्हतं. तिने तिकडे सांगितलंही नव्हतं. लाल आणि निळा पत्रा मिस्त्रीने छपरावर चढवला आणि पिवळ्यासाठी तो खाली यायला निघाला. तेवढ्यात काकांचा हॉस्पिटलात फोन लागला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा केलेला होता. नर्सबाईंनी काकूंना उशांना टेकवून बसवलं होतं.

"आधी पिवळा दाखवतोय हं," काकांनी सांगितलं.

फोन लागलेला बघून मिस्त्री घाईने मागे फिरला, हाताशी होता तो पत्रा त्याने उचलला आणि टेकडीकडे तोंड करून उभा धरला. तो लाल होता.

फोनमधून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"दिसला," काकू म्हणाल्या. "पिवळाधमक. अहो, टाकीच्या डावीकडेच की. मी म्हणत नव्हते?"

बाईने वर पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. पिवळा पत्रा अंगणात भिंतीला टेकवलेला होता, तोंड भिंतीकडे करून. चूक लक्षात येऊन मिस्त्री वरून काहीतरी सांगायला वाकला, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं.

काका लाल पत्र्याकडे बघत होते. परवापरवापर्यंत काकू त्या खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचायच्या आणि कुठली बस किती उशिरा आली ते त्यांना ऐकवायच्या.

"हो," ते म्हणाले. "डावीकडेच आहे. माझंच चुकत होतं."

"बघा."

"बाकीचे दोन दाखवू?"

"कशाला? हाच घ्या. किती छान दिसतोय."

काकांनी फोन छातीशी धरला. "पिवळाच लिहा, ताई."

बाईने लिहून घेतलं. तीन आठवड्यांचं तिने पुन्हा काढलं नाही.

"आणि तुम्हीसुद्धा दिसताय बरं का अंगणात," फोनमधला आवाज आता दमला होता. "हात करा बघू."

काकांनी फोन डाव्या हातात घेतला, उजवा हात वर केला आणि टेकडीकडे बघत तो सावकाश हलवू लागले.

"दिसला," काकू म्हणाल्या. "आता घ्या खाली. खांदा दुखेल."

काकांनी हात खाली घेतला नाही.