खोकणारं इंजिन

गाडीला टर्बो बसवून झाला होता, आता त्याला ताळ्यावर ठेवणारं डोकं निवडायचं होतं. मरोळच्या गॅरेजात मेकॅनिक चंदूने प्रज्योतसमोर इंजिन सांभाळणारे तीन कॉम्प्युटर मांडले आणि एकेकाचे गुण गायला घेतले.

"हा बघ. इंजिन कधी चुकणारच नाही."

"नको. चुकायला पाहिजे. दर रविवारी काहीतरी वेगळं बिघडलं पाहिजे. फुटायला नको हां, नुसतं खोकायला पाहिजे."

"अरे येड्या, लोक माझ्याकडे खोकला घालवायला येतात!"

"मासेमारीची बोट विकल्यापासून बाबा खाटेवरून उठत नव्हते रे," प्रज्योत म्हणाला. "बोलणं तर बंदच. परवा माहुलला घरासमोर गाडी खोकली, तर स्वतःच्या पायाने बाहेर आले. बोटीच्या इंजिनाला लावायचे तसा बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, 'तिसरा सिलिंडर.'"

चंदूने गाडीला लॅपटॉप जोडला आणि पडद्यावरचे आकडे तपासले.

"खोकतोय तो दुसरा आहे रे," तो हळूच म्हणाला. "तू मधला कॉम्प्युटर घे. त्यात दुसरा नीट करून तिसरा बिघडवता येतो."