अंधारवाले

"सहा," नासिफ म्हणाला आणि कॉफीचा रिकामा कप बशीत उपडा घातला. "दहापैकी सहा. तेही जुमानाच्या वयाकडे बघून."

टेबलाभोवती माना डोलल्या. जुमाना गाते त्या 'सातवा मजला' बँडचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बैरुतच्या हम्रा भागातल्या या कॅफेत ही पंचमंडळी बसते. तिचा कायदा साधा आहे. आधी अंधारवाल्यांनी बोलायचं, मग बाकीच्यांनी. अंधारवाले म्हणजे अठ्ठ्याण्णव साली क्लेमेन्सो रस्त्यावरच्या तळघरात या बँडच्या कार्यक्रमाला हजर असलेले. त्या दिवशी शेवटच्या गाण्याला वीज गेली, जनरेटरही बसला, तरी गाणं थांबलं नाही. तळघरात मावली असतील दोनशे माणसं, पण आज बैरुतमध्ये शोधायला गेलात तर अंधारवाले हजारभर तरी सापडतील. या टेबलावर मात्र दोनच होते, नासिफ आणि आर्तिन. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"मी नऊ दिले असते," रुला म्हणाली. तेवीस वर्षांची पोर, या मंडळींत सगळ्यांत लहान. "काल दुसऱ्या गाण्याला मला रडू आवरेना."

"तुला काय, कांदा चिरतानाही रडू येतं," आर्तिन म्हणाला.

"पोरी, तू अंधारात नव्हतीस ना, म्हणून तुला असं वाटतं," नासिफनं समजूत घातली. "माईक नाही, काही नाही, आणि तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत. मी डाव्या स्पीकरखाली उभा होतो. अजून अंगावर काटा येतो बघ."

रुला गप्प बसली. अंधाराची गोष्ट निघाली की तिच्यासारख्यांनी गप्पच बसायचं असतं.

तेवढ्यात दारातून खुद्द जुमाना आली. काळा चष्मा, विस्कटलेले केस, कालचंच जाकीट. शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून ती सरळ त्यांच्यात येऊन बसली.

"कोर्ट भरलंय ना? सांगा निकाल. तेवढ्यासाठीच आलेय. आमचा ड्रमवाला मंगळवारी माँट्रियलला चाललाय, बायकापोरांसकट, कायमचा. त्याच्याशिवाय काही मी गायची नाही. कालचा शेवटचा होता."

सहाचा आकडा आता कोणाच्या तोंडातून निघेना. शेवटी आर्तिननं विषय बदलला.

"जुमाना, निकालाचं राहू द्या. आम्ही दोघं अंधारवाले, मी आणि हा नासिफ. तुमचा त्या दिवशीचा आवाज अजून कानात आहे आमच्या."

जुमाना खो खो हसत सुटली.

"तो माझा नव्हताच मुळी! वीज गेली तशी मी मागच्या दारानं गल्लीत पळाले, जनरेटरवाल्याच्या नावानं शंख करायला. परत आले तोवर गाणं संपलं होतं. तुम्हीच गायलात ते, तुम्ही दोनशे जणांनी."

"अहो, मी माझ्या कानांनी ऐकलाय तुमचा आवाज!" आर्तिन म्हणाला.

"काळोखात कोण गातंय ते तुला दिसलं होतं?" असं म्हणत तिनं डोळे पुसायला चष्मा काढला आणि तिची नजर नासिफवर थांबली. नासिफची डावी भुवई जन्मापासून पांढरी आहे. "थांब जरा. ही भुवई... गल्लीत तू होतास! जनरेटरवाल्याच्या टॉर्चच्या उजेडात पाहिलं मी तुला. ओणवा होऊन झरोक्याला कान लावला होतास. डोळे मिटून गात होतास. तुझं ऐकत मी तिथंच उभी राहिले, आत जायचंसुद्धा विसरले. किती वर्षं माझ्या मनात होतं, कोण असेल तो म्हणून!"

ती अगदी हरखून सांगत होती. टेबलावरचं कोणीच हसलं नाही.

"डावा स्पीकर?" आर्तिननं हळूच विचारलं. पंचवीस वर्षं दोघं मांडीला मांडी लावून निकाल देत आले होते.

नासिफचा चेहरा उतरला. "तिकीट होतं रे माझ्याकडे. पोचलो तर दार लावून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो विचारायचा, होतास का, होतास का. एकाला हो म्हणालो. मग ते मागं घेता येईना."

माणूस लबाड नव्हता. त्याला आत असायचं होतं, एवढंच.

आपण काय करून बसलो ते आता जुमानाच्या लक्षात आलं. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अरे, मग मी तरी कुठली अंधारवाली? आपण दोघं गल्लीतले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, कालचं सांग. कसं झालं? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

नासिफनं उपडा कप सरळ केला.

"काल पहिल्या रांगेत होतो," तो म्हणाला. "तिकीट होतं, खुर्ची होती, सगळं होतं. पण ऐकलंच नाही गं. सहा मी घरून निघतानाच देऊन टाकले होते."

जुमानानं हात काढला नाही. नासिफनं आपली खुर्ची सरकवून रुलाच्या समोर आणली.

"पोरी, तू होतीस ना काल? पहिल्या गाण्यापासून सांग. मी नव्हतो."