फक्त चौदा बाळांपुरतं

"अहो, आमची बाळं कुठं गेली?"

फोनवर नवजात कक्षाच्या मोठ्या सिस्टर होत्या. बाळं आपापल्या काचेच्या पेटीत सुखरूप होती. स्क्रीनवर मात्र चौदातलं एकही उरलं नव्हतं.

रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंनी फोन कानाशी धरूनच नोंदी उघडल्या. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी त्या कक्षाच्या नोंदींची, चाचणीसाठी केलेली नक्कल पुसली होती. आता पाहतात तर नक्कल जागेवरच. पुसलं गेलं होतं ते खरं.

"बारा वाजता औषधं द्यायचीत," सिस्टर म्हणाल्या. "कुणाला कुठलं, किती, सकाळी काय गेलं, सगळं तिथंच होतं."

अकराला पाच मिनिटं कमी होती.

रुग्णालयाच्या संगणक विभागाचे साहेब धावत आले. "कुणी केलं हे?"

"मीच," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "बरं. रात्रीचा बॅकअप काढा, अख्खं रुग्णालय त्यावर नेऊन ठेवा आणि मोकळ्या व्हा."

"त्याला सहा तास लागतील. शिवाय सकाळपासून बाकीच्या कक्षांत जे लिहिलं गेलं, त्यावर पाणी. या घडीला चौघं ऑपरेशनच्या टेबलावर आहेत, साहेब. मी फक्त नवजात कक्ष परत आणते."

"तेवढाच येतो?"

"वेगळा ठेवलाय, म्हणून येतो."

तीन वर्षांपूर्वी बाईंनी हट्टानं एकेका कक्षाचा बॅकअप वेगळा करायला घेतला, तेव्हा 'नसते उद्योग' म्हणून याच साहेबांनी त्यांची टर उडवली होती. आज ते खुर्ची ओढून गुमान शेजारी बसले.

बाईंनी त्या कक्षाची रात्रीची प्रत बाजूला उघडली. चौदाही बाळं होती, पण कालची. सकाळपासूनचा प्रत्येक बदल यंत्र आपणहून क्रमानं टिपून ठेवत होतं. त्यातले या कक्षापुरते बदल त्यांनी वेचून वर चढवले, थेट पुसण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत. एक पाऊल पुढं गेलं असतं, तर पुसणंही पुन्हा झालं असतं. त्या तिथं थांबल्या. मगच तो भाग मूळ जागी नेऊन बसवला.

पावणेबाराला त्या स्वतः वर नवजात कक्षात गेल्या. सिस्टर एकेका पेटीपाशी उभ्या राहून नोंदी ताडून पाहत होत्या. नाव, औषध, वेळ. मान हलवायची, पुढं जायचं. बाराव्या पेटीपाशी त्यांची मान हलली नाही.

"याचं चुकलंय. इथं चौदाशे दहा ग्रॅम आहे. मी आत्ताच काट्यावर ठेवलं याला, चौदाशे तीस भरला."

बाईंनी वाकून पाहिलं. "ही नोंद साडेदहाची आहे. साडेदहाला किती होतं?"

सिस्टर आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांची नजर बाळाकडं गेली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

"अगं बाई! मधल्या वेळात आईनं वाटी-चमच्यानं पाजलं की याला." त्या खुदकन हसल्या आणि नवा आकडा टाकू लागल्या. "हे वीस ग्रॅम तुमच्या बॅकअपमध्ये कुठून येणार?"