झेपेल एवढंच

दादाने वेफर्सचं पाकीट कॉलेजातल्या मॅडमच्या टेबलावर पालथं केलं, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी मामेबहिणीच्या लॅपटॉपवर आपला पासवर्ड टाकला. बटणं तेलकट झाली. तिने रुमाल पुढे केला, तर त्याने त्याच रुमालाने तोंड पुसून तो परत दिला. तिने तो चिमटीत धरून पिशवीत टाकला.

हा दादा तिच्या आत्याचा मुलगा. जेमतेम काही महिन्यांनी मोठा, वर्ग एकच, तरी घरात दादा म्हणायची सक्ती. कॉम्प्युटर सायन्सच्या एक्स्चेंजसाठी दोघांचीही निवड झाली होती. परदेशातल्या विद्यापीठात एक सेमिस्टर. आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. लेकाला एवढे मार्क कुठून पडतात, हे विचारायची पद्धत घरात नव्हती.

मॅडमनी दोघांनी निवडलेले विषय शेजारी शेजारी लावले आणि चष्मा वर केला. तेच पाच, त्याच क्रमाने. तिथे या प्रत्येक विषयाला दर आठवड्याला प्रोग्रॅम लिहून द्यावा लागतो, चांगली मुलंही चाराच्या वर जात नाहीत, असं त्यांनी समजावलं. तिला पाच जमतील, पण त्याने तीनच घ्यावेत.

"मला कसलं जड, मॅडम?" दादा हसला. "ही आहे ना."

हे त्याने इतक्या मोकळेपणाने सांगितलं की मॅडमनाही हसू आलं. भावंडांचं छान जमतं तुमचं, म्हणाल्या. पहिल्या वर्षापासून आपला प्रोग्रॅम झाला की ती त्याचा लिहायला घ्यायची, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम गचाळ. आईला सांगून पाहिलं होतं. घरातलाच आहे, सांभाळून घे, एवढंच आई म्हणाली. आणि कालच आत्याने पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, तू बरोबर आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. त्या हाताची तिला किळस आली होती, आणि त्यावर गोड हसलेल्या स्वतःची त्याहून जास्त.

"मॅडम," तिने विचारलं, "लिहून काहीच द्यायचं नाही, नुसती तोंडी परीक्षा, असे विषय आहेत का तिथे?"

होते. तीनच, आणि तिन्ही घाम फोडणारे. प्राध्यापक फळ्यापाशी उभं करतात, सिद्धता मांडायला लावतात आणि मध्येच अडवून 'का' म्हणून विचारतात. हे ऐकता ऐकता दादाचं चघळणं थांबलं. ती नसलेल्या विषयात त्याला काही लिहून मिळणार नव्हतं, आणि फळ्यापाशी तिला त्याच्याऐवजी उभं राहता येणार नव्हतं.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "तिथे मी काय करू?"

"तुझं तू बघ."

"मामीला सांगीन हं मी."

"सांग."

मॅडमनी तिचे पाच विषय काढून ते तीन भरले. काढलेल्यांत कंपायलर हा विषय होता, ज्याच्यासाठी तिने या एक्स्चेंजचा ध्यास घेतला होता. तिने तो पडद्यावरून जाताना पाहिला. मॅडमना मात्र राहवेना. एवढी हुशार मुलगी ऐन वेळी कच का खाते आहे, हे त्यांना कळेना. पाच सहज झेपले असते की तुला, त्या म्हणाल्या.

"पाच झेपले असते, मॅडम," ती म्हणाली. "दहा नसते झेपले."